ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो

"हे काय आणलंस? हॉटेलचं मेनू कार्ड?"

नोटरी साहेबाने माझी आधारची पावती दोन बोटांत धरून हलवली. उल्हासनगरला कोर्टाबाहेर छत्रीखाली त्याचं टेबल. रांगेतली माणसं हसली. पावती मी लॅमिनेट केलेली. घामाने फाटू नये म्हणून. एकच कागद होता ना माझ्याकडे.

"कार्ड नाही, नुसता पावतीचा कागद हा. प्लास्टिक चढवून पक्का होतो का?"

मी सातवी शिकलेली. घाबरले की धाप लागते. तरी सांगितलं, साहेब, कार्ड नवऱ्याने ठेवलंय, मी घर सोडलंय, मोरिवलीला मावशीकडे राहते, पोरीला पहिलीत घालायचंय, पोरगी आईजवळ राहते असा शिक्क्याचा कागद शाळेने मागितलाय, उद्या शेवटचा दिवस. आधारला मोबाईल नंबर बदलायला दिलाय, त्याची ही पावती. फोटो आहे बघा माझा.

"काळा फोटो. कोणाचा पण असेल. ऑनलाइन कार्ड काढ ना, एक मिनिटाचं काम."

ओटीपी अजून नवऱ्याच्याच मोबाईलवर जातो, हे मी बोलेपर्यंत साहेबाच्या बाजूला बसलेल्या टायपिंगवाल्याने पावतीवरचा आधार नंबर टाकून बटन दाबलं पण.

पोरीला मी जवळ ओढलं.

लगेच त्याचा फोन. माझा एक कान त्यानेच फोडलाय, गर्दीत ऐकू येत नाही. टायपिंगवाला बोलला, "ताई, स्पीकरवर टाका, मी लिहून घेतो."

"कसला कागद करतेस गं भवाने? ओटीपी पाहिजे? पोरीला घरी आणून सोड. मग देतो."

सगळ्यांनी ऐकलं. साहेब हाताने खुणावतोय, हो बोल, हो बोल, नंबर घे आधी.

पोरगी टेबलाखाली घुसलेली. माझी साडी घट्ट धरून. तिला तिथेच लघवी झाली. नुसता आवाज ऐकून. ओघळ साहेबाच्या बुटापर्यंत गेला. त्याने वाकून बघितलं. आणि पाय मागे घेतला. बस.

मी फोन कापला.

"वेडी का गं तू? आता नवऱ्याची सही आण," साहेब बोलला.

"नाही आणणार."

खोटे कागद आणतात लोक, कळतं मला. मग शाळेत फोन करा, मावशीला विचारा. आधारवाल्यांनी माझी दहा बोटं घेतली, डोळे घेतले, तेव्हा मी मीच होते. इथे समोर उभी आहे, तर मी कोण ते त्याला विचारणार? हे सगळं बोलायचं होतं. अर्धंच बोलले. धाप लागली.

शिक्का नाही मिळाला. पोरीला नळावर धुतलं आणि तिथेच बसून रडले.

शाळेची तारीख गेली. पोरगी घरीच आहे. गल्लीतल्या पोरी दप्तर घेऊन निघाल्या की गल्ली रिकामी होईपर्यंत दारात उभी राहते. ते सहन होत नाही.

मी रोज तिला घेऊन जाते. शाळेत, दुसऱ्या नोटरीकडे, तिसऱ्याकडे. हाकलतात. धाप लागते, तरी जाते. आधारला माझा नंबर लागायचा तेव्हा लागेल. पण पोरगी देऊन माझं नाव मी नवऱ्याकडून सोडवून आणणार नाही.