गूगलला थोरली काकू ठाऊक नव्हती

"आत्याबाई, येत्या सोमवारी मी चेन्नईला जाते. एका मेसमध्ये स्वयंपाकाचं काम मिळतंय," असं म्हणून सुनेनं मेतकुटाच्या डब्याला झाकण लावलं. पंधरा दिवसांत एकही मागणी आली नव्हती. माझा मुलगा गेल्यापासून मेतकूट आणि डांगराचं पीठ विकूनच ती घर चालवत होती. ती गेली असती तर तंजावूरचं हे घर बंदच झालं असतं. मी एकटी कुणासाठी चूल पेटवणार?

तिनं वेबसाइट केली होती. एकच लांब पान, तमिळात, कारण तंजावूरच्या आम्हा मराठी माणसांतल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. वर यादी. यादीतल्या नावावर बोट ठेवलं की पान सरकत खाली त्या पदार्थापाशी थांबतं. ओळखीच्या लोकांचं घ्यायचं तेवढं घेऊन झालं होतं, आणि अनोळखी माणसाला आमचं पान सापडतच नव्हतं. हे सरकणंच नडतंय असं सुनेला वाटलं. पान तोडून चाळीस पानं करायला ती निघाली होती.

रविवारी नात आली. ती वेबसाइटचंच काम करते. यादी वाचून ती हसत सुटली. "थोरल्या काकूचं. ओरत्तनाडूच्या वन्सांचं. आजी, हे काय?"

"पदार्थ. आपल्यात ज्या बाईकडून शिकलो तिच्याच नावानं म्हणतात. मीच लिहायला लावलं."

"गूगलला तुझी थोरली काकू ठाऊक आहे का?"

"गल्लीत कुणालाही विचारावं त्यानं."

"तो विचारत नाही, वाचतो. लोक मेतकूट शोधतात, काकूला कोण शोधतंय?"

मग तिनं आईला समजावलं. यादीतल्या या उड्या मारणाऱ्या दुव्यांमुळे पान गूगलमध्ये वर चढत नाही आणि खालीही जात नाही. पान एकच राहू दे. पण दुव्यात आणि खालच्या मथळ्यात पदार्थाचं खरं नाव हवं, म्हणजे कुठे काय आहे ते त्याला कळतं. सुनेनं जाणं महिनाभर पुढे ढकललं आणि चाळीसही नावं बदलली. काकूंची नावं मी मथळ्याखाली बारीक अक्षरात ठेवून घेतली. तेवढं मी सोडलं नाही.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी सुनेनं फोन माझ्यासमोर धरला. गूगलवर मेतकूट शोधलं होतं. आमचं पान दिसत होतं, आणि त्याखाली एक बारीक ओळ, थेट मेतकुटावर जायची. मी बोट ठेवलं. एवढ्या लांब पानातून बरोबर तिथेच येऊन थांबलं. मी चौथी शिकलेली. जगभरची पानं वाचणाऱ्या कुणीतरी आमचं पान मधल्या ओळीपर्यंत वाचलं होतं. अंगावर काटा आला. बृहदीश्वराच्या देवळाचं शिखर मी रोज बघते, ते बघून असं कधी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात अनोळखी गावांहून मागण्या आल्या. सून गेली नाही. हे सगळं निभावलं ते तिनं. मी शेजारी बसून डाळ निवडत होते.