निळ्या पट्टीचे डबे

ती छोटी विलायती गाडी पोटावर बसलेली पाहिली, तो दिवस अजून मनातून जात नाही. माझी लिहिण्याची सवय रोजनामच्यापुरतीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आधीचे सगळे फौजेतले. त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. तरी हे प्रकरण सांगावंसं वाटतं. नावं कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आले. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टाइप केलेला अर्ज. मराठी माणूस म्हणून मी त्यांना काका म्हणू लागलो.

"माझे चार डबे चोरीला गेलेत," ते म्हणाले.

आमच्या मुंशीने, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाने, रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, "टिफिन के?"

काका भडकले. मग त्यांनीच कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांच्या जुन्या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकापाशी बरणीएवढा एक डबा, आत रबर आणि दाबाने भरलेलं द्रव. पुढचा डबा मागच्याला नळीने जोडलेला. पुढचं चाक खड्ड्यावर उचललं की द्रव मागे जातं, मागची बाजूही उचलते आणि गाडी सपाट राहते. "पाण्यावरून गेल्यासारखी जाते," ते म्हणाले. असे डबे आता आपल्याकडे मिळत नाहीत. काका दोन दिवस झाशीला लग्नाला गेले, परत आले तर गाडी जमिनीला टेकलेली.

संशय त्यांनी लिहूनच दिला होता. डबे काढण्याआधी दाब उतरवायचा पंप शहरात एकाच मिस्त्रीकडे होता. "तीस वर्षं गाडी त्याच्या हातात दिली हो," एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मी एफआयआर लगेच न करता अर्ज चौकशीत घेतला आणि जागा पाहायला गेलो. गॅरेजचं कुलूप शाबूत. फरशीवर द्रवाचा थेंब नाही. घाईतल्या चोराने नळी कापली असती तर भिंतीपर्यंत फवारा उडाला असता. आणि नळ्यांच्या चारही उघड्या टोकांवर फडक्याचे तुकडे दोऱ्याने नीट बांधलेले, निळ्या चौकड्यांचे. मी पंचनाम्यात नोंद केली. अर्थ लागला नाही. काकू दारात उभ्या होत्या. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, नई सडकच्या मागे एका भंगारवाल्याकडे तसलेच डबे पडलेत. मी काकांना घेऊन गेलो. त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवून डब्यावरचा मळ काढला. खाली रंगाची पट्टी दिसली.

"एक लाल. हे दुसऱ्या, जड गाडीचे. आमच्या पुढच्या दोघांवर दोन-दोन निळ्या पट्ट्या, मागच्यांवर एक-एक नारिंगी. ओळख पट्टीवरून करायची, साहेब. आकार सगळ्यांचा सारखाच दिसतो."

"पण हे बसतील का?"

"बसतील कदाचित. पण आमचे नाहीत ना."

भंगारवालाही बघत राहिला. ठाण्यात कितीतरी लोक दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून ओळखताना मी पाहिलेत.

परत येताना फूलबागेजवळ त्यांच्या घराचं वळण आलं, तरी काका समोरच बघत होते. "काका, इकडेच ना?" मी विचारलं. ते हसले. "हो, हो. तुम्हीच सांगा ड्रायव्हरला." मला वाटलं, उन्हाने थकले.

मिस्त्रीला बोलावलं. साठीचा माणूस, नखांत काळं तेल. "पंप तुमचाच?" "जी." "डबे तुम्ही काढले?" तो जमिनीकडे बघू लागला. हवालदार म्हणाला, "उस्ताद, दो दिन अंदर बैठोगे तो दुकान पर कौन आएगा?"

"चोर लिख दो, साहब. ज़ुबान दी है, नाम नहीं लूँगा." मग हळूच म्हणाला, "बस गाड़ी के नीचे लकड़ी के मोटे टुकड़े लगवा दीजिए. बॉडी पर ज़ोर आता होगा."

माझा अनुभव असा की खोटं बोलणारा फार बोलतो. दुसऱ्याचं गुपित सांभाळणारा जमिनीकडे बघतो. आणि चोरीच्या गाडीची काळजी करणारा चोर मला तोवर भेटलेला नव्हता. तरी कागदावर सगळं त्याच्याच विरुद्ध होतं. दुसऱ्या दिवशी मला गुन्हा नोंदवून त्याला अटक करावी लागणार होती.

त्या संध्याकाळी काकांच्या जबाबावर सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो. काका आंघोळीला गेले होते.

"चहा तर घ्या, भाऊ," म्हणत काकूंनी स्वयंपाकघरातच पाट दिला. समोर फळीवर लोणच्याच्या बरण्या. प्रत्येकीच्या तोंडावर दादरा, म्हणजे धूळ जाऊ नये म्हणून बांधतात तो फडक्याचा तुकडा. निळ्या चौकड्यांचा. शेवटच्या चार बरण्या जरा काळपट होत्या.

"काकू, त्या चारांत काय घातलंय?"

"लिंबाचं..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग गॅस बंद केला.

मी उठून एक खाली घेतली. भलती जड. खाली दोन निळ्या पट्ट्या.

"मिस्त्रीने काही नाही केलं. मीच त्याच्या पाया पडले," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात ह्यांनी गाडी भर रस्त्यात खडी केली. घर कुठल्या बाजूला, तेच आठवेना. एक शाळेची पोर चाकापासून इतक्यावर होती. चावी लपवली तर तारेने चालू करतात. बॅटरी काढली तर नवी आणतात. इंजिनिअर आहेत नं! फक्त हे डबे कुठे मिळत नाहीत."

"त्यांना सांगायचं तर होतं."

"काय सांगू? तुम्हाला आता जमत नाही म्हणून? माझ्याच्याने नाही झालं. चोराने नेलं म्हटलं, तर ते चोरावर चिडतील. स्वतःवर नाही."

"आणि दादरे?"

"उघडं तोंड कसं ठेवायचं, भाऊ? घाण गेली असती नं आत."

मी म्हटलं, "उद्या दहापर्यंत थांबतो. पण त्यांना तुम्हीच सांगा. नाहीतर मिस्त्री आत जाईल."

रात्रभर मला खात्री नव्हती की मी बरोबर केलं.

साडेनऊला दोघं आले. काकांनी अर्ज परत मागितला. "पट्ट्या तपासल्या. आमचेच आहेत," म्हणाले. मग बाकावर बसलेल्या मिस्त्रीसमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. मिस्त्रीने ते हात खाली केले. "आप बैठो पहले," एवढंच म्हणाला. मी चौकशी अहवालात लिहिलं: वस्तू घरातच मिळाली, गुन्हा घडलेला नाही.

डबे पुन्हा बसले. दर रविवारी मिस्त्री गाडी चालवू लागला, काका-काकू मागे. एकदा ठाण्यासमोर थांबले. मी खिडकीपाशी गेलो, तर काका म्हणाले, "चाळीस वर्षं चालवली, पण मागच्या सीटवर कधी बसलोच नव्हतो. मागे इतकं छान लागतं, हिने कधी सांगितलंच नाही."

"विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या.

नोकरीभर मी शिकलो ते वस्तू कुणी नेली हे शोधायला. नेताना तिची काळजी कुणी घेतली, हेही बघावं लागतं, ते या प्रकरणात कळलं. नीट शिकलो की नाही, सांगता येत नाही. आता माझंही वय झालंय; हल्ली माझ्या स्कूटरची चावी दोनदा जागेवर सापडली नाही. मी बायकोला काही विचारलेलं नाही. खरेदीला टोपी बाजारात चालत जातो.