मैदानाला उतर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला... पण हे माझ्याच घरात घडलं, म्हणून लिहितोय.

आमचं गाव जळकोट, तालुका तुळजापूर. थोरला भाऊ — दादा — विहिरी खणायचा. दुष्काळानं ते काम संपलं, तेव्हा एका मुकादमानं त्याला कलकत्त्याला नेलं. तिथं जमिनीखालून रेल्वे काढायची होती. दोन वर्षं पत्रं आली... मग एकदम बंद.

त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, आई आमच्या आटलेल्या विहिरीत गाळ काढायला उतरली. बराच वेळ वर येईना म्हणून वाकून पाहिलं, तर ती तळाला कान लावून बसलेली. ओठ हलत होते.

"आई, काय करायलीस?"

"गप ऱ्हा. दादा बोलायलाय."

वर आली ती घामानं निथळत. "एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान," एकेक नाव चाचपडत म्हणाली. "मैदानाला उतर म्हनतोय त्यो. तू जा."

उमरग्याच्या बाजारापलीकडं न गेलेली, अक्षर न वाचता येणारी बाई! मला वाटलं, ऊन लागलं. मी गेलो नाही...

काही वर्षांनी पेपरात बातमी आली — कलकत्त्यात भुयारी रेल्वे सुरू. खाली स्टेशनांची नावं. एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान. तोच क्रम!

सोलापूरहून गाडी धरली. कलकत्त्यात एस्प्लनेडला त्या नव्या गाडीत बसलो, मैदानाला उतरलो. जिना चढून वर आलो, तर चहाच्या टपरीवर एक लंगडा माणूस कप विसळत होता.

दादाच.

"लई उशीर केलास रं," एवढंच म्हणाला.

पत्र का नाही, विचारलं. "पाय गेला. असल्या अंगानं घरी यायची लाज वाटली."

मी विहिरीचं सांगितलं. तो दचकला नाही.

"माती ढासळली तवा अर्धा दिवस खाली गाडलो गेलतो. आईशीच बोलत हुतो. कुठं हाय, कोणतं टेशन, समदं सांगितलं. ती म्हनली, बोलत ऱ्हा लेकरा, झोपू नगस."

दादाला घेऊन घरी आलो. आईला विचारलं, तू त्या दिवशी विहिरीत काय बोलत होतीस?

"झोपू नगस म्हनत हुते. दुसरं काय म्हननार?"

त्यानंतर मी कितीदा तरी त्या विहिरीत उतरून कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. आता आई नाही, दादाही नाही.