भाऊचा थंड खड्डा

भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी दिग्रसच्या बसस्टँडवर भाऊच्या गावी, आर्णीला जाणाऱ्या गाडीचीच वाट पाहत उभी होते. आदल्या दिवशी त्याचाच फोन आला होता. "शोभा, उद्याच ये. परवा उशीर होईन, ऊन वाढून राह्यलं." फेब्रुवारी संपत आला होता. त्यानं लावलेल्या पाषाणभेदाच्या रोपाला एकदाचा गुलाबी तुरा आला होता आणि तो फार दिवस टिकणार नव्हता, म्हणून ही घाई. मी शाळेत रजा टाकून स्टँडवर पोचते तोच वहिनीचा फोन. "निघाली का?" तिनं विचारलं. हो म्हटलं. तिच्या मागून बायांचं रडणं ऐकू येत होतं. सकाळी झाडांना पाणी घालून तो घरात आला, चहाचा कप हातात घेतला आणि उभ्या उभ्याच कोसळला.

भाऊला, माझ्या मोठ्या भावाला, एका जागी बसलेलं मी फार कमी पाहिलं. जेवताना दोनदा उठायचा. कुणाकडे पाहुणा गेला की बोलता बोलता त्यांच्या घरातला एखादा सैल स्विच घट्ट करायला लागायचा. तरुणपणी तो हिमाचलात एका वीजप्रकल्पावर कामाला होता. तिथं बर्फ वितळू लागला की त्याच्या कडेनंच जांभळी फुलं जमिनीतून वर यायची. धड पानंही फुटलेली नसायची, आधी फूल. हे तो मला कितीदा सांगायचा, आणि सांगताना त्याचे हात चालत असायचे. बाबा अचानक गेले, आई आणि मी एकट्या पडलो, आणि तो सगळं सोडून परत आला. पुढं वीज खात्यात लागला, इंजिनियर म्हणून आर्णीला आला, लग्न झालं. परत आल्याबद्दल तो कधी एका शब्दानं बोलला नाही. पण दर फेब्रुवारीत त्याला कसलीशी तगमग व्हायची, आणि ती घरातल्या सगळ्यांना लागायची.

मग एका वर्षी ती फुलंच इथं आणायचं त्यानं मनावर घेतलं. क्वार्टरच्या उत्तरेला, जिथं दिवसभर सावली असते, तिथं कमरेएवढा खड्डा खणला, विटांच्या भिंती घेतल्या, वर जुन्या खिडक्यांच्या काचा तिरक्या बसवल्या आणि एका भिंतीत कूलर लावला. घरात त्याला सगळे खड्डाच म्हणायचे. प्रकल्पावरचे त्याचे जुने सोबती, ठाकूर, दर हिवाळ्यात शेवाळात गुंडाळलेली मुळं पार्सलनं पाठवायचे. प्रिम्युला, म्हणजे तीच जांभळी फुलं, पाषाणभेद, आणखी कसली कसली. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे चांगली थंडी असते, तेवढ्यात ती कोंब धरायची. खरी धावपळ त्यानंतर. आपला वसंत तो केवढा... पंधरवड्यात उन्हाळा दारात. भाऊ ऑफिसातून दुपारी घरी यायचा तो आधी खड्ड्यात उतरायचा, काच सरकवायचा, कूलरच्या ताट्या ओल्या करायचा. पहिली काही वर्षं कळ्या यायच्या आणि काळ्या पडायच्या.

ती वर्षं आपल्या जिल्ह्यासाठी कशी होती ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. कापूस पिकला तरी आणि नाही पिकला तरी गावागावांतून रोज कुणा शेतकऱ्यानं जीव दिल्याचं कानावर यायचं. त्यात विजेची कपात. ती भाऊच्या हाताखालूनच व्हायची. कुठल्या गावाची लाइन कधी बंद करायची हे वरून ठरून यायचं, पण लोकांना समोर दिसायचा तो. एकदा त्याच्या ऑफिसवर मोर्चा आला. मी तेव्हा आर्णीतच होते, भाचीला, प्रज्ञाला, बारावीचं गणित शिकवायला. क्वार्टर ऑफिसच्या मागंच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. माणसं ओरडत होती, आणि त्यांच्यातून सुमनबाई नावाची तांड्यावरची एक शेतकरीण पुढं आली. तिनं आवाज चढवला नाही.

"साहेब," ती म्हणाली, "कपाशी गेली. गव्हावर जीव टाकून बसलो, तर त्याले पाणी नाई. अन् तुमच्या घरी फुलायले कूलर सुरू हाय."

ते खरंच होतं. क्वार्टर दवाखान्याच्या लाइनवर होतं आणि ती लाइन कधी बंद होत नसे. भाऊ येण्याच्या आधीपासूनच तशी जोडणी होती. तो तसं सांगू शकला असता. मोर्चा गेल्यावर तो घरी आला, सरळ खड्ड्यात उतरला आणि कूलर बंद केला. त्या वर्षी पहिल्यांदा प्रिम्युलाच्या कळ्या हिरव्यागार, भरलेल्या होत्या. चार-सहा दिवसांत त्या उमलल्या असत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं माणूस बोलावून क्वार्टरची जोडणी दवाखान्याच्या लाइनवरून काढून गावाच्या लाइनवर टाकली.

वहिनी फार चिडली. "पोरीची बारावी हाय. तुमच्या फुलापायी तिनं अंधारात बसाव काय?"

"फुलापायी नाई," भाऊ म्हणाला. "मले त्या बाईले तोंड दाखवाव लागते." आणि तो पुन्हा बाहेर गेला.

त्यांच्यात कितीतरी दिवस बोलणं नव्हतं. प्रज्ञा कंदिलाजवळ अभ्यास करायची आणि भाऊ अंगणात येरझारा घालायचा. कळ्या सुकल्या. मला वाटलं, आता हे वेड संपलं. पण पावसाळा संपताच त्यानं खड्ड्याच्या भिंतींबाहेर वीतभर जागा सोडून दुसऱ्या भिंती उभारल्या आणि मधल्या फटीत वाळू भरली. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी त्या वाळूत जाऊ लागलं. काचांवर दुपारी ओली पोती. कूलरच्या जागी नुसता एक झरोका, वाळ्याची ताटी लावलेला. वीज कुठंच नाही. ते साधायलाही काही हिवाळे गेले. दरम्यान तो रोज खेड्यापाड्यांत जळालेल्या डीपींच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, मागं धावत होता. संध्याकाळी घरी आला की त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, आज कुठल्या तरी गावात काहीतरी झालंय. आम्ही विचारत नव्हतो. तो खड्ड्यात उतरायचा, आणि बराच वेळ वर यायचा नाही.

मग एका फेब्रुवारीत एक प्रिम्युला फुलली. एकच. बोटभर दांडी, तिच्या टोकावर जांभळ्या फुलांचा लहानसा चेंडू. भाऊनं मला बोलावलं, आणि सुमनबाईलाही निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी ती आली, पिशव्या बाहेर ठेवल्या, पायरीवरून वाकून पाहिलं.

"एवढुसंच?" ती म्हणाली.

"हो, एवढुसंच," भाऊ म्हणाला, आणि इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. सुमनबाईही हसायला लागली. वहिनीनं दोघांना चहा दिला. जाताना सुमनबाई म्हणाली, "थंड हाय पण आत. आमच्या भाजीले असं काही होईन काय?" पुढच्याच आठवड्यात भाऊ तांड्यावर जाऊन विटा नि वाळू कशी रचायची ते दाखवून आला. त्या फुलाकडे मात्र त्यानं पुन्हा फारसं पाहिलं नाही. पाषाणभेद का फुलत नाही, हे सुरू झालं होतं.

निवृत्तीनंतर आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हिमाचलात नेलं. ठाकुरांच्या घरामागचा सबंध उतार जांभळा झाला होता. माझे तर डोळेच भरून आले. भाऊ तासभर फिरला, वाकून वाकून पाहिलं, आणि दुसऱ्या सकाळपासून त्याची चुळबुळ सुरू झाली.

"काहून रे?" मी विचारलं. "एवढ्या वर्षांनी आला, पाह्य ना मनसोक्त."

"पाह्यलं की," तो म्हणाला. "इथं फुलं आपली आपण येतात, शोभा. मले काय काम हाय इथं? तिकडं पोते ओले केले असतील काय कोणी..."

ठरल्यापेक्षा आधीच आम्ही परतलो. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता ते आठवलं की वाटतं, ज्या जागेसाठी तो आयुष्यभर तळमळला असं मी समजत होते, ती जागा आर्णीतच होती, त्यानंच खणलेली. निवृत्तीनंतर बांधलेल्या घरातही त्यानं आधी खड्डा घेतला होता, मग स्वयंपाकघर.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा आर्णीला गेले. मार्च चांगलाच तापलाय. पाषाणभेदाचा तुरा कधीच गळून गेला होता, पानं मात्र जिवंत होती. वहिनी आणि मी मागच्या दारात बसलो होतो तेव्हा ठाकुरांचा फोन आला. सांत्वनाचं बोलून झाल्यावर त्यांनी चाचरत विचारलं, येत्या हिवाळ्यात पार्सल पाठवायचं की बंद करायचं?

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"भेजो भैया," ती म्हणाली. "पर थोडा कम भेजना. अकेली से उतना होता नहीं."

फोन ठेवून ती उठली, बादलीत पोती बुडवली. एका टोकाला तिनं धरलं, एका टोकाला मी, आणि काचांवर अंथरली. मग मी खाली उतरले. बाहेर दुपार भाजत होती. आत वाळूचा ओला वास होता, आणि पायांना गार लागत होतं.