देवखोलीतली बॅटरी

अप्पांच्या मोटारीतला स्टिरिओ मी घरात बसवायला घेतला, तेव्हा ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. बाजारात मुठीएवढे स्पीकर मिळतात, फोनला जोडले की झालं, हे सांगायला जो तो तयार. पण त्या मुठीएवढ्या डबीतलं गाणं अप्पा, माझे वडील, ऐकत नसत. "हें गाणं नव्हे, गाण्याचं लोणचं," म्हणत आणि तोंड फिरवत.

अप्पा तंजावरात टुरिस्ट टॅक्सी चालवत. प्रवासी मोठ्या देवळात गेले की हे गाडीच्या काचा वर करून गाणी लावून बसत. देऊळ जेवढं मोठं, तेवढं यांचं ऐकणं जास्त. प्रवासी परत येऊन काचेवर टकटक करत, तरी यांचं डोळे उघडायला मन नसे. पुढे काचबिंदूने ते डोळेच नेले. गाडी भंगारात द्यायची ठरली, तेव्हा भंगारवाला यायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन मी आत बसले होते. प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, दारांतले चार स्पीकर, डिकीतला बेसचा डबा, सगळं सोडवून घेतलं. बॅटरीही घेतली.

मी विमा कचेरीत कारकून. तारांचं माझं शिक्षण म्हणाल तर यूट्यूब. गाडीच्या प्लेअरला लाल तार किल्लीकडून येते आणि पिवळी थेट बॅटरीकडून. घरात किल्ली नाही, म्हणून दोन्ही एकत्र जोडायच्या, एवढं कळायला मला दोन रविवार लागले. स्पीकरना खोकी करून घेण्याऐवजी मी ते मातीच्या मडक्यांच्या तोंडांवर बसवले. मडक्यांतला आवाज इतका भरदार आला की अम्मा स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. आधी मी कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यातून वीज दिली होती, पण त्याने गाण्याखाली बारीक घूं येई. तो अप्पांनी पहिल्याच मिनिटाला पकडला. बॅटरी लावली आणि घूं गेला. तेव्हापासून बॅटरी एक दिवसाआड व्हरांड्यात चार्ज करायची हे माझं काम झालं. चार्जर जुना, एका गॅरेजवाल्याने टाकून दिलेला. बॅटरी भरली की आपण होऊन बंद पडणारा नव्हे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, वह्या, यंत्रं देवासमोर मांडतात, गंध-कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. गाडी होती तेव्हा अप्पा दरवर्षी बॉनेट उघडून बॅटरीलाही चंदन लावत. यंदा सकाळीच त्यांनी विचारलं, "गाडी नाहीं, पण बॅटरी आहे कीं नाहीं? तिला देवाजवळ नेलीस?"

नेली. माझ्याच हातांनी नेली. आदल्या दिवशी करंट गेल्याने ती अर्धीच भरली होती, आणि दसऱ्याच्या सकाळी अप्पांना ताजं गाणं ऐकवायची माझी हौस. एकदा मांडल्यावर हात लावायचा नाही, म्हणून मी चार्जरही शेजारी मांडला, त्यालाही कुंकू लावलं आणि बटण दाबून ठेवलं. चार्जर म्हणजे तरी काय, हत्यारच! अम्माने समईत तेल घातलं. आमची देवखोली म्हणजे पूर्वीची कोठीची खोली, खिडकी नाही. मांजर नैवेद्याला तोंड लावतं म्हणून दारही लोटून घेतलं. हे सगळं आज लिहिताना माझा हात थांबतो. त्या दिवशी मी मजेत साडी बदलली आणि स्कूटरवरून तिरुवैयारुला आत्येबहिणीचा नवरात्रातला कोलू बघायला गेले.

कोलूच्या पायऱ्यांवरच्या बाहुल्या बघून, चण्यांचं सुंडल खाऊन पान घेत होते, तेवढ्यात अम्माचा फोन आला.

"देवखोलींत घाण वास सुटलाय ग. उंदीर मेलाय कीं काय. आणि तुझी बॅटरी पोंगलाच्या भांड्यासारखी बुडबुड करत्ये. देवाजवळ असला वास बरा नव्हे. कोळसे पेटवून सांब्राणी घालतें."

"घाल," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. सांब्राणीचा धूप घालायला परवानगी कसली द्यायची? ती फोन ठेवून गेली.

बहिणीचे यजमान ट्रॅक्टर दुरुस्त करतात. माणूस इतका थट्टेखोर की मयताच्या घरीही हसवील. मी त्यांना सहज म्हटलं, भाओजी, बॅटरीतून मेलेल्या उंदराचा वास का येतो हो? मला वाटलं, आता ते माझी यथेच्छ टर उडवतील. ते हसले नाहीत. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"चार्जिंगला आहे? खोलीला खिडकी?"

"नाही."

"आंत दिवा?"

"समई आहे." 

"बॅटरी जास्त चार्ज झाली कीं तिच्यांतून वायू सुटतो, तो पेट घेतो. बॅटरी फुटते, आंतलं अ‍ॅसिड तोंडावर उडतं. अम्मांना सांग, कोळसे घेऊन जाऊं नका म्हणावं. आंतल्या बटणाला हात लावूं नका, त्याचीही ठिणगी पडते. बाहेरचा मेन काढा."

मी फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. अम्मा कोळशांवर फुंकर घालत बसली की तिला ढोलताशेही ऐकू येत नाहीत. अप्पांकडे फोन नाही. शेजारचं कुटुंब सुट्टीला गावी गेलेलं. भाओजी म्हणाले, मी फोन करत राहतों, तूं नीघ. मी चप्पल घातली की नाही तेही मला आठवत नाही.

तिरुवैयारु ते तंजावर हा रस्ता मला झोपेतही येतो. त्या दिवशी तो संपेना. एकेक नदीचा पूल येई आणि मला वाटे, हा तर मघाशीच गेला. समोरून केळीचे खुंट बांधलेल्या, हार घातलेल्या लॉऱ्या आणि बस येत होत्या. चौकाचौकात दृष्ट काढून कोहळे फोडलेले, कुंकवाने लाल झालेला गर रस्ताभर. त्यावरून माझं मागचं चाक एकदा सरकलं, मी पाय टेकून सावरले. कुणीतरी ओरडलं. एका गॅरेजसमोर फटाक्यांची माळ लागली आणि त्या पहिल्या आवाजाला माझ्या तोंडून "अम्मा!" अशी किंकाळी निघाली. घर अजून कोसभर लांब होतं. तरी मला खात्रीच पटली की तो आवाज आमच्याच देवखोलीतला.

मी भित्री आहे, हे मी कधी कुणाला कळू दिलेलं नाही. ऑफिसात भांडते, दुकानदाराशी वाद घालते, विजेच्या तारांत हात घालते. पण त्या अर्ध्या तासात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगायची मला लाज वाटते. मनात एकच चित्र. अम्मा धुपाटणं हातात घेऊन दार उघडते, वाकते, आणि तिचा चेहरा. यापुढे मी विचार करू शकत नव्हते. एका घरात एकाचे डोळे गेले तेवढं पुरे नव्हतं का? आणि हे कुणाच्या नशिबाने नव्हे, माझ्या नसत्या हौसेने होणार होतं.

गल्लीत शिरले तेव्हा घर उभं होतं. धूर नव्हता, माणसं जमली नव्हती. मी स्कूटर उभीही केली नाही, ती आडवी पडली. व्हरांड्यातल्या मीटरच्या पेटीत हात घालून मेन खाली ओढला आणि आत पळाले.

देवखोलीच्या बंद दारासमोर अम्मा उभी होती. हातात धुपाटणं, त्यात कोळसे लालभडक. ती संतापाने रडत होती.

"तुझ्या अप्पांना वेड लागलं! आंत जाऊन दाराला पाठ लावून बसलेत. देवाला धूप घालूं देत नाहींत. कोळसे बाहेर टाक म्हणून ओरडतात. नवमीच्या दिवशीं!"

मी तिच्या हातातलं धुपाटणं हिसकावलं, परसात नेऊन त्यावर बादलीभर पाणी ओतलं. ती मागून माझ्यावर ओरडत होती. मी दारापाशी परत आले. 

"अप्पा, मी आले. उघडा."

आतून आवाज आला, "विस्तव घरांत नाहीं ना?"

"नाही. मेनही काढलाय."

काहीतरी घासल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. तो वास माझ्या नाकात आणि घशात एकदमच गेला. अप्पा जमिनीवर बसलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. समई विझलेली होती. मी त्यांना धरून अंगणात आणलं, खुर्चीत बसवलं, घराची सगळी दारं-खिडक्या उघडल्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काजळीने काळी झाली होती आणि एकावर फोड आला होता. अम्माला मी सगळं समजावून सांगितलं. ती पायरीवर मटकन बसली आणि पदराने त्यांचं बोट पुसायला लागली. 

"वास मला तेव्हांच कळला," अप्पा म्हणाले. "आयुष्य गेलं त्या वासांत. हिला सांगटलें तर हिला वाटलं मी कांहीं तरी बडबडतों. म्हणून आंत गेलों. ज्योत चिमटीनें विझवली. मग चार्जर बंद करावा म्हणून भिंत चाचपली. सगळी चाचपली, बटण कुठें सांपडेना. शेवटीं दारालाच पाठ लावली." त्यांनी बोट अम्माच्या पदरातून सोडवलं. "फार भ्यालों ग."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गाडी चालवणं सोडलं तेव्हा नाही, डॉक्टरांनी हात टेकले तेव्हाही नाही. आणि कोळसे टाका असं ते ओरडत होते तेव्हा मी घरात असते, तर मी तरी ऐकलं असतं का? या दोन-तीन वर्षांत अप्पा काही बोलले की "हो हो" म्हणून पुढे जायची सवय आम्हा दोघींना कधी लागली ते कळलंच नव्हतं.

वास पुरता गेल्यावर ते उठले. "दाखीव मला," म्हणाले. "तें बटण कुठें आहे दाखीव."

मी त्यांना देवखोलीत नेलं. दाराच्या बाजूला, ते बसले होते त्याच्या अगदी वर, देवीची तसबीर आहे. विजेच्या बटणांचा बोर्ड भिंतीवर बरा दिसत नाही म्हणून मीच तो मागच्या वर्षी तसबिरीच्या आड बसवून घेतला होता. मी त्यांचा हात धरून फ्रेमच्या मागे नेला. फोड आलेलं बोट बटणावर टेकलं. त्यांनी ते दोनदा खालीवर करून पाहिलं.

"इतकं जवळ होतं?" अप्पांनी विचारलं.

ते सापडलं असतं तर एक ठिणगी पुरे होती. मी त्यांचा हात तसाच धरून उभी राहिले.