अड्याळच्या वाटेवरचा हलता काटा

गाडीचा काटा हलतो म्हणून मी दोन महिने अड्याळला गेलो नाही आणि शेवटी त्या हलत्या काट्यासकटच जावं लागलं.

रस्ता म्हणाल तर अवघड काहीच नाही. नागपूरहून भंडारा सवा तास, चौपदरी. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडायचा आणि कारध्याहून पवनीच्या रस्त्याला लागायचं, अर्ध्या-पाऊण तासात अड्याळ. पण नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्येच वर चढायचा, आपोआप खाली यायचा. बाबा म्हणायचे, बाईकडे जाऊन येऊ. बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. मी म्हणायचो, आधी गाडी दाखवतो, मग जाऊ. तिच्यासाठी बाबांनी घेतलेलं मोरपंखी लुगडं तोवर कपाटात पडून होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी आतेभावाचा, सुधाकरचा फोन आला. आत्या गेली होती. आमच्याकडे कुठल्याही बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं आणि तिचं माहेर म्हणजे आता एकटे बाबाच. सुधाकर म्हणाला, ऊन फार आहे, बारापर्यंत थांबवतो लोकांना. बाबांनी कपाटातलं तेच लुगडं काढलं, पिशवीत घातलं आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले.

एरवी मी मौद्याला थांबून तर्रीपोहे खातो, तुम्हीही जरूर खा. त्या दिवशी थांबलो नाही. मौदा मागे पडल्यावर काटा वर गेला, खाली आला. नेहमीचंच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. भंडाऱ्याच्या गर्दीत एसीतून गरम हवा यायला लागली आणि नदीच्या पुलावर काटा लाल रेषेला टेकला. कारध्यात शिरताच निंबाखाली एक गॅरेज दिसलं, गाडी तिथे लावून इंजिन बंद केलं. अकरा वाजले होते.

मिस्त्री पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी विचारायच्या आतच मी सांगून टाकलं, की कूलंटची बाटली भरलेली आहे, मी दर रविवारी बघतो. त्यांनी रेडिएटरच्या झाकणाजवळ हात नेऊन मागे घेतला आणि म्हणाले, थंड होऊ द्या. मी म्हटलं, फडकं धरून मीच उघडतो, आम्हाला मयतीला पोचायचंय. तेव्हा त्यांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता.

"गरम झाकण मी खोलत नाही जी," ते म्हणाले. "अर्धा घंटा लागन. मयतीले जायाचं हाय म्हणूनच सांगून राहिलो."

बाबा निंबाखालच्या बाकावर पिशवी घेऊन बसून राहिले. त्यांनी मला एका शब्दानेही टोकलं नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

झाकण उघडलं तर रेडिएटर अर्धा रिकामा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे कसं? मिस्त्रींनी झाकणाचं रबर नखाने दाबून दाखवलं, वाळून कडक झालं होतं. गाडी तापली की कूलंट बाटलीत जायचं. थंड झाल्यावर ते परत आत ओढलं जायला हवं, पण त्याच्याऐवजी हवाच आत शिरायची. ती हवा फिरली की काटा वरखाली. आणि मी दर रविवारी भरलेली बाटली बघून खूश.

नवं झाकण त्यांच्याकडेच होतं. गॅरेजमागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाळीवर चढ होता. तिथे गाडी तोंड वर करून उभी केली. इंजिन चालू, झाकण उघडं, हीटर पूर्ण सुरू. मिस्त्री थोडं थोडं कूलंट ओतत होते, बुडबुडे येत होते. मे महिन्यातल्या भंडाऱ्यात हीटरची हवा तोंडावर घेत मी आत बसलो होतो. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? शेवटी बुडबुडे थांबले, पंखा फिरून बंद झाला, काटा मधोमध स्थिर झाला. तुमचा काटा असा हलत असेल तर बाटलीवर विसंबू नका. सकाळी गाडी अगदी थंड असताना झाकण काढून बघा.

अड्याळला पोचेपर्यंत एक वाजायला आला होता. आत्याचं अंगण रिकामं. शेजारीण म्हणाली, केव्हाचंच नेलं, पण विसाव्यावर थांबले आहेत तुमच्यासाठी. तिरडी वाटेत टेकवून खांदेकरी बदलतात, ती जागा म्हणजे विसावा. एरवी तिथे दोन मिनिटं थांबतात. आमच्यासाठी माणसं पाऊण तास चिंचेच्या सावलीत खोळंबली होती आणि सुधाकर एकटा उन्हात, आईच्या चेहऱ्यावर छत्री धरून उभा होता.

बाबांनी घडी मोडून लुगडं तिच्यावर पांघरलं. काठ नीट केला, परत नीट केला, परत केला. कोणी घाई केली नाही. मला रडू आलं नाही, लाज वाटली.

परतताना काटा नागपूरपर्यंत ढिम्म हलला नाही. बाबा सगळा रस्ता त्याच्याकडेच बघत होते, रिकामी पिशवी घडी करून हातात. घरासमोर गाडी लावली तेव्हा बोलले.

"आता गाडी चांगली झाली रे. पण अड्याळले जायाचं कोणाकडे?"

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.