बदली शिक्षक आणा, दाखले न्या

मुख्याध्यापकांनी माझा राजीनामा वाचला, घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिला.

"शेख सर, एप्रिलपर्यंत शाळा सोडणार नाही असं तुम्ही लिहून दिलंय."

"हो सर."

"आता नोव्हेंबर आहे."

मुळशी तालुक्यातली लहानशी शाळा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गणित आणि विज्ञान शिकवणारा मी एकटाच. माझी नेमणूक टेम्पररी, म्हणजे वर्षापुरती. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, ती निघेपर्यंत जीव टांगणीला. बायको पुण्यात शिक्षिका होती. मी गावात खोली घेऊन राहायचो आणि रविवारी घरी जायचो. दोन वर्षांची लेक मला बघून आईच्या मागे लपायची.

अशात पुण्यातल्या एका शाळेचं पत्र आलं. जागा परमनंट. पंधरा दिवसांत मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. माझी प्रमाणपत्रं मुख्याध्यापकांच्या कपाटात होती. शिक्षकाने मध्येच जाऊ नये म्हणून तेव्हा काही शाळा ती ठेवून घेत.

मुख्याध्यापक वाईट नव्हते. शाळेची ती दहावीची पहिलीच बॅच होती. निकाल पडला असता तर पालकांनी पुढच्या वर्षी मुलं पाठवली नसती.

"बदली शिक्षक आणा," ते म्हणाले. "त्याच दिवशी दाखले न्या."

मी ओळखीच्या सगळ्यांना पत्रं टाकली. एक पदवीधर येऊन गेला. परतीची एस.टी. किती वाजता, एवढंच त्याने विचारलं. आठ दिवस असेच गेले.

नवव्या दिवशी वह्या तपासताना कासार आंबोलीच्या मंगलची वही हातात आली. ती नववीत होती. भूमितीचं उदाहरण बरोबर होतं, पण रीत मी शिकवलेली नव्हती. माझ्या रीतीपेक्षा दोन पायऱ्या कमी होत्या.

"हे कुणी सांगितलं?"

"शेजारच्या सुनंदाकाकूनं. ती बी.एस्सी. हाय."

संध्याकाळी सायकल काढली. गावाच्या कडेला बौद्धवाड्यात त्यांचं घर. सुनंदाबाईंचे यजमान फौजेत होते. सासरे ओट्यावर सुतळी वळत बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं.

"शाळंत ती जाईल," सासरे म्हणाले, "पर भात झोडायला कोन?"

मी त्यांना नोकरीचे फायदे सांगू लागलो. दारातून सुनंदाबाई म्हणाल्या, "सर, मलाही विचारा की." मग त्यांनीच विचारलं, "दहावीचं किती झालंय?"

"प्रकाशाचा धडा निम्मा राहिलाय."

"पुस्तक ठेवून जा."

सासऱ्यांनी सुतळी खाली ठेवली. "बरं. आम्ही दोघं म्हातारी बघू भाताचं."

संस्थेच्या चेअरमनना हे पटेना. "बी.एड. न्हाई म्हनता. आनि कुनाची सून म्हनला?"

मी नाव पुन्हा सांगितलं. हा प्रश्न कशासाठी असतो हे मला माहीत होतं. माझ्या नेमणुकीच्या वेळीही 'शेख म्हंजे कुटले?' असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हाही दुसरा उमेदवार नव्हता म्हणून मी लागलो होतो.

"एक तास घेऊ दे त्यांना," मुख्याध्यापक म्हणाले. "मी मागे बसतो."

सुनंदाबाईंनी भिंगाचा तास घेतला. शाळेत भिंग एकच आणि तेही तडा गेलेलं. त्यांनी खिडकीसमोर ते धरलं आणि बाहेरचं झाड समोरच्या कागदावर उलटं पाडलं. मग ते उलटं का पडलं हे मुलांकडूनच काढून घेतलं. तोच धडा मी फक्त फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होतो. मला थोडं लाजल्यासारखं झालं.

मुख्याध्यापक उठले, ऑफिसात जाऊन कपाट उघडलं आणि माझी प्रमाणपत्रं टेबलावर ठेवली. "नीट बघून घ्या," एवढंच म्हणाले.

मी मुदतीच्या आदल्या दिवशी पुण्यात हजर झालो. लेक महिन्याभरात मला ओळखू लागली. जूनमध्ये निकाल लागला. ती बॅच गणितात चांगली पास झाली होती. मी तिथे राहिलो असतो तर इतकी मुलं पास झाली असती का, सांगता येत नाही.

तीन वर्षांनी माझ्या नव्या शाळेत मुलं कमी झाली, एक तुकडी बंद पडली आणि मी 'अतिरिक्त' ठरलो. अतिरिक्त म्हणजे नोकरी असते, वर्ग नसतो. जिथे जागा असेल तिथे पाठवतात. मला वाटलं, लांब जाण्यापेक्षा जुनी शाळा बरी. मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी चहा मागवला.

"सर, जागा नाही. बाईंनी बी.एड. केलं. त्या परमनंट झाल्या."

मला भोरकडे पाठवलं. पुन्हा खोली, पुन्हा रविवारची एस.टी. बायकोने डबा भरताना एवढंच विचारलं, "जरा कमी चांगलं शिकवणारी शोधून दिली असतीत तर चाललं नसतं का?"

परमनंट हा शब्द ऑर्डरवर असतो. शाळेत टिकायला मुलं लागतात.